लाकडी पेनसाठी गोंद कसा निवडावा: पितळी नळी, सागवान आणि विदर्भाची हवा

किटवर, म्हणजे धातूच्या तयार सुट्या भागांच्या संचावर, बनवलेल्या लाकडी पेनात गोंदाचं मुख्य काम एकच: भोक पाडलेल्या लाकडात पितळी नळी कायमची बसवणं. क्लिप, टोक, रिफिल आत-बाहेर करणारी फिरकी यंत्रणा हे सगळं पुढे त्या नळीतच दाबून बसतं. नळी सुटली की पेन गेला. बरेच जण व्हिडिओ बघून घट्ट इन्स्टंट ग्लू मागवतात. पेन झकास दिसतो, ऑगस्टमध्ये विकलाही जातो आणि एप्रिलमध्ये लांबीभर चीर घेऊन परत येतो. मग दोष लाकडाला. खरं तर लाकूड, गोंद आणि महिना यांचा मेळ बसलेला नसतो.

भांडण लाकडाचं आणि पितळेचं

लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं, त्यानुसार फुगतं आणि आकसतं. हे सगळं रेषांच्या आडव्या दिशेने होतं, लांबीत जवळपास काहीच नाही. पितळ ओलाव्याला ढिम्म असतं.

मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याकडे पारा 45 अंशांवर जातो आणि दुपारची हवा एवढी कोरडी होते की लाकडातला ओलावा 4-5 टक्क्यांवर येऊ शकतो. ऑगस्टच्या झडीत तेच लाकूड 16 टक्क्यांपर्यंत चढतं. एवढ्या फरकाला सागवान आडव्या दिशेने जास्तीत जास्त दोनेक टक्के हलतं. तयार पेनची जाडी 10 मिमी धरली तर बाहेरचा परीघ 31 मिमी होतो आणि त्याचे दोन टक्के म्हणजे अर्ध्या मिमीहून जास्त. भिंत उरते जेमतेम दीड मिमीची. पावसाळ्यात फुगलेल्या लाकडात नळी बसवली तर उन्हाळ्यात लाकूड आकसतं, आत पितळ हटत नाही, आणि लाकूड फाटतं. उलट उन्हाळ्यात, कोरड्या लाकडात बसवली तर पावसाळ्यात लाकूड फुगून नळीपासून दूर जाऊ बघतं. तो ताण गोंदाचा थर लवचीक असेल तर पेलतो.

यातून पहिला नियम निघतो आणि तो गोंदाच्या नावाहून महत्त्वाचा आहे: ठोकळे मार्च ते मेमध्ये वाळवून, भोकं पाडून, चिकटवून ठेवा. लेथवरचं, म्हणजे ठोकळा फिरवून आकार देणाऱ्या यंत्रावरचं, कातकाम वर्षभर करा.

कोणता घ्यायचा

सरसकट उत्तर हवं असेल तर हळू सुकणारा इपॉक्सी, म्हणजे रेझिन आणि हार्डनर अशा दोन ट्यूबांत मिळणारा, मिसळून वापरायचा गोंद. अॅराल्डाइटचा साधा जोड, ज्याला पूर्ण ताकद यायला 24 तास लागतात, तो गावच्या हार्डवेअरमध्येही मिळतो. तो पितळेलाही धरतो आणि लाकडालाही, भोक थोडं सैल झालं असेल तर ती फट भरतो, आणि पूर्ण सुकल्यावरही इन्स्टंट ग्लूइतका ठिसूळ होत नाही. नळी आत सरकवायला, फिरवायला, चुकली तर बाहेर काढायला निवांत वेळ मिळतो. लाइन कधीही जाणाऱ्या गावात हा वेळ मोलाचा आहे.

त्याची एक कमजोरी आधीच सांगायला हवी. घरच्या तापमानात सुकवलेला बहुतेक इपॉक्सी 50 ते 60 अंशांच्या आसपास मऊ पडू लागतो. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा उन्हात लावलेल्या मोटरसायकलच्या डिकीत एवढं तापमान सहज होतं. गिऱ्हाइकाला पेन देताना हे सांगून ठेवलेलं बरं.

पाच मिनिटवाला इपॉक्सी घाईच्या कामाला ठीक. पण तापमान 10 अंशांनी वाढलं की सुकण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. पाकिटावरची पाच मिनिटं 25 अंशांच्या आसपासची असतात. टिनाच्या शेडमध्ये 42 अंशांत ती दीड-दोन मिनिटांवर येतात आणि दुसरी नळी हातात घेईपर्यंत गोंद दोरीसारखा ओढला जातो. उन्हाळ्यात तो वापरायचाच असेल तर सकाळी सहा-सातला.

इन्स्टंट ग्लू, म्हणजे सायनोअॅक्रिलेट, तीन प्रकारांत येतो: पातळ, मध्यम, घट्ट. दुकानात टांगलेलं फेव्हीक्विकचं पाकीट पातळ प्रकारातलं असतं. ते नळी बसवायला घेऊ नका. फट भरत नाही, वाहून जातं, आणि अर्धी नळी आत गेल्यावर जाग्यावर धरून बसतं. त्याचं खरं काम वेगळं आहे: बारीक तडे, गाठीभोवतालचा भुसभुशीत भाग आणि टोकाची उखडू पाहणारी रेघ भरणं. नळीसाठी घट्ट सायनो चालतो, पण फक्त न हलणाऱ्या, पूर्ण वाळलेल्या लाकडात आणि भोक अगदी मापात असेल तेव्हा. त्याचा थर ठिसूळ असतो. पेन फरशीवर पडला की आतून सुटतो आणि बाहेर काही दिसत नाही.

पॉलियुरेथेन गोंद ओलाव्यावर फेसाळत सुकतो. तो फेस नळीला पिस्टनसारखा बाहेर ढकलतो, म्हणून दोन्ही टोकं रबराने बांधून ठेवावी लागतात. शिवाय फटीत भरलेला फेस दिसतो भरीव, असतो पोकळ. एवढा त्रास घेण्यासारखं त्यात काही नाही.

फेव्हिकॉल एसएच सुताराचा जीव की प्राण, पण तो पाणी उडून सुकतो. पितळ आणि लाकडाच्या मधल्या फटीतून पाणी जाणार कुठे? धातूला तो धरतही नाही. मात्र ठोकळाच दोन-तीन लाकडांच्या पट्ट्या जोडून करायचा असेल, म्हणजे सागवानाच्या मधोमध शिसमची रेघ वगैरे, तर तिथे फेव्हिकॉलला तोड नाही. क्लॅम्पमध्ये रात्रभर ठेवा आणि भोक पाडण्याआधी तीन-चार दिवस जाऊ द्या. जोडाभोवतीचं लाकूड पाण्याने फुगलेलं असतं. लगेच कातलं तर नंतर जोडाच्या जागी बोटाला लागेल अशी खाच पडते. चपलेचं रबरी सोल्युशन आणि एमसील या कामाला नकोत. पहिलं कायम रबरासारखं हलतं, दुसरं एवढं घट्ट की नळी शिरतच नाही.

लाकूड बघून

सागवानात नैसर्गिक तेल असतं. वाळवीला दूर ठेवणारं हे तेल गोंदालाही दूर ठेवतं. शिसमचंही तसंच. भोक पाडल्यावर आतून अॅसिटोन लावलेला इअरबड फिरवा, पाच मिनिटं थांबा आणि तासाभरात चिकटवा. जास्त वेळ गेला की आतलं तेल पुन्हा पृष्ठभागावर येतं. अॅसिटोन साधं, शुद्ध घ्या. नेलपॉलिश रिमूव्हरच्या बऱ्याच बाटल्यांत सुगंध आणि तेल मिसळलेलं असतं, म्हणजे पुसायला गेलो आणि माखून आलो.

बाभूळ आणि बोर जड, कडक आणि सुंदर, पण ओलाव्याला जास्त हलणारी. यांना फक्त हळू सुकणारा इपॉक्सी. वरूड-मोर्शीकडे जुन्या संत्र्याच्या बागा काढल्या की ते लाकूड चुलीत जातं. ते फिकट पिवळं, दाट कणांचं आणि पेनला उत्तम असतं. वाळताना मात्र टोकाकडून फाटतं. कापल्याबरोबर दोन्ही टोकांना मेण किंवा फेव्हिकॉलचा जाड लेप द्या आणि सावलीत वाळवा. गडचिरोलीकडचा बांबू वापरायचा तर त्याचं आतलं भोक वेडंवाकडं असतं. तिथे फट भरणारा इपॉक्सीच चालतो, आणि बांबूच्या आतल्या बाजूचं गुळगुळीत आवरण आधी खरवडून काढावं लागतं.

लाकूड वाळलं की नाही हे हाताने कळत नाही. 0.1 ग्रॅम दाखवणाऱ्या छोट्या काट्यावर ठोकळा तोला आणि वजन पेन्सिलने त्याच्यावरच लिहा. आठवड्याच्या अंतराने दोनदा तेच वजन आलं की वाळला. इथे कुलरची गंमत लक्षात ठेवा: मे महिन्यात बाहेर हवा कोरडी ठक्क असली तरी कुलर चालू असलेल्या खोलीत ओलावा पावसाळ्यासारखा असतो. त्या खोलीत ठेवलेले ठोकळे वाळत नाहीत.

तयारी

सर्वांत चालणाऱ्या बारीक पेनला प्रत्येकी सुमारे 53 मिमीच्या दोन नळ्या लागतात आणि 7 मिमीचा ड्रिल. तरी प्रत्येक नवीन किटची नळी व्हर्नियरने मोजा. भोक नळीपेक्षा 0.1 ते 0.25 मिमी मोठं हवं. नळी बोटाने सरकायला हवी, हातोडीने नव्हे. फार घट्ट असेल तर आत शिरताना सगळा गोंद मागे खरवडला जातो आणि मधला भाग कोरडा राहतो.

ठोकळा नळीपेक्षा 3-4 मिमी लांब कापा. भोक पाडताना दर 10-12 मिमीला ड्रिल बाहेर काढून भुसा झटका. भुसा अडकला की ड्रिल तापतो, भोकाच्या भिंती जळून चकचकीत होतात आणि अशा भिंतीला गोंद धरत नाही. तापलेलं लाकूड तिथल्या तिथे तडकतं ते वेगळंच. भोक पाडलेले ठोकळे एक रात्र तसेच ठेवा, दबलेला ताण असेल तर तो त्याच रात्री दिसेल.

नळी नवी, पिवळीधमक दिसते, पण तिच्यावर कारखान्यातलं तेल असतं. 150 नंबरच्या पॉलिश पेपरने तिरक्या रेघा मारून चमक पूर्ण घालवा, अॅसिटोनने पुसा आणि त्यानंतर अंगाला बोट लावू नका. धरायची तर आतून, काडी घालून.

नळीच्या तोंडात गोंद शिरू नये म्हणून जुनी सोपी युक्ती आहे: अर्धा सेंटिमीटर जाडीच्या बटाट्याच्या चकतीत नळीचं टोक दाबायचं, आत बुच बसतं. इपॉक्सीसाठी हे बेश्ट. दुसऱ्या दिवशी बटाटा आकसून काडीने ढकलताच निघतो. घट्ट सायनोसाठी मेणाचं बुच वापरा, कारण बटाट्याच्या पाण्याने सायनो लगेच सुकायला लागतो.

चिकटवणं

1. गोंद मोजून घ्या. दोन नळ्यांभोवतीची फट मिळून जेमतेम पाव मिलीलिटर भरते. वाया जाणारा धरून रेझिन आणि हार्डनर प्रत्येकी अर्धा मिली पुरे. प्रमाण पाकिटावर असेल तेच. हार्डनर वाढवला म्हणजे लवकर आणि पक्कं होईल हा गैरसमज आहे, उरलेला हार्डनर थर कायमचा चिकट ठेवतो.

2. जुन्या लग्नपत्रिकेच्या गुळगुळीत बाजूवर तो घ्या आणि तुराटीच्या सोललेल्या काडीने पूर्ण एक मिनिट घोटा. कडेचा गोंद खरवडून मध्ये आणत राहा. रंगात पट्टे दिसत असतील तर मिसळलेला नाही.

3. काडीने भोकाच्या आतून सगळीकडे लावा. नुसता नळीवर लावला तर तो तोंडापाशीच गोळा होतो. मग नळीवर पातळ थर द्या.

4. नळी गोल फिरवत अर्धी आत घाला, बाहेर काढा, दुसऱ्या बाजूने पुन्हा फिरवत घाला. यामुळे हवेचे फुगे निघतात. शेवटी ती दोन्ही टोकांपासून दीड-दोन मिमी आत राहील अशी मध्यावर आणा.

5. बाहेर आलेला गोंद स्पिरिटच्या फडक्याने पुसा आणि ठोकळे आडवे ठेवा. उभे ठेवले तर पातळ गोंद खाली उतरतो आणि वरचं टोक उपाशी राहतं.

6. पत्रिकेवरचा उरलेला गोंद फेकू नका. तो नखाने दाबून बघायचा नमुना आहे. नखाची खूण उमटते तोवर ठोकळ्याला हात लावू नका. पाच मिनिटवाला असला तरी लेथवर चढवण्याआधी किमान दोन तास, जमलं तर रात्रभर.

नंतर बुच काढा, नळीच्या आत गोंदाचा पापुद्रा राहिला असेल तर गोल कानसीने साफ करा. तो राहिला तर यंत्रणा तिरकी बसते किंवा दाबताना लाकूड फोडते. ठोकळ्याची टोकं पितळेची चकाकती कडा दिसेपर्यंतच घासा, पितळ खाऊ नका. कातताना पटाशीला धार ठेवा, आणि पॉलिश पेपर मारताना ठोकळा हाताला चटका देईल एवढा तापू देऊ नका. सांगितलंच आहे, 60 अंशांच्या आसपास आतला थर मऊ होतो. कातून झालं की बोटाच्या नखाने लांबीभर टकटक करा. एखाद्या जागी आवाज बदलून पोकळ येत असेल तर तिथे गोंद पोचलेला नाही. टोकाजवळ असेल तर पातळ सायनोचे दोन थेंब फटीत सोडून वाचवता येतो.

एक ठोकळा फोडून बघा

नवीन लाकूड, नवीन गोंद किंवा नवीन किट असेल तर एक जोड मुद्दाम खर्ची घाला. चिकटवल्यावर 24 तासांनी, न कातता, टोकावर पटाशी ठेवून तो लांबीत उभा फोडा आणि नळी उजेडात धरून बघा.

नळीला लाकडाचे तंतू चिकटून आले असतील तर उत्तम, लाकूड हरलं आणि गोंद जिंकला. नळी साफ पिवळी निघाली आणि सगळा गोंद लाकडात राहिला असेल तर दोष नळीच्या तयारीत आहे: घासली नाही, किंवा घासून हात लावला. गोंद नळीवर आहे, पण त्याचा बाहेरचा भाग गुळगुळीत आणि भोकाची भिंत कोरी, असं दिसलं तर लाकडाचं तेल किंवा जळालेली भिंत. दोन्हीकडे थोडा थोडा आणि मध्ये रबरासारखा ओढला जाणारा गोंद म्हणजे प्रमाण चुकलं किंवा घोटणं कमी पडलं. दोन टोकांना गोंद आणि मध्ये 10-15 मिमी कोरडा पट्टा असेल तर भोक घट्ट होतं, किंवा आतून लावायचा आळस झाला. बारीक गोल खळगे म्हणजे हवेचे फुगे. एवढं वाचता आलं की पुढच्या पेनमध्ये काय बदलायचं ते आपोआप कळतं, आणि बहुतेक वेळा गोंद बदलायची गरजच पडत नाही.

हिवाळा आणि पावसाळा

डिसेंबर-जानेवारीत गोंदिया-नागपूरकडे रात्री पारा 10 अंशांखाली येतो. इपॉक्सीचं रेझिन तेव्हा थिजून पांढुरकं, दाणेदार होतं. खराब झालेलं नसतं. रेझिनच्या ट्यूबचं झाकण घट्ट लावून ती गरम पाण्यात ठेवा, पारदर्शक झालं की वापरा. थंडीत चिकटवलेले ठोकळे दुसऱ्या दिवशी दुपारच्या उन्हात दोन तास ठेवल्याशिवाय लेथवर घेऊ नका.

झडीच्या दिवसांत चिकटवणं टाळा. फारच गरज असेल तर ठोकळे आणि सिलिका जेलच्या पुड्या हवाबंद डब्यात आठवडाभर ठेवा आणि वजन उतरायचं थांबल्यावर काढून लगेच चिकटवा. सायनोची गडबड या दिवसांत उलटी होते: ओलाव्यामुळे तो फार लवकर सुकतो, वाफ पृष्ठभागावर बसून पांढरट डाग पडतात. किटच्या सोनेरी मुलाम्यावर ही वाफ बसली तर तो मुलामा धुरकट होतो, म्हणून सुटे भाग गोंदाच्या टेबलावर ठेवू नयेत. कोरड्या उन्हाळ्यात तोच सायनो सुकायला वेळ लावतो.

अडकलेली नळी, सैल भाग

सायनोने नळी मध्येच धरली तर लगेच दुसऱ्या बाजूने सळई ठोकून बघा. पाच-सात सेकंदांत हलली नाही तर ओढाताण थांबवा, बाहेर राहिलेली नळी कापा आणि ठोकळा छोट्या कामाला ठेवा. इपॉक्सीने चुकीच्या जागी बसलेली नळी गरम सोल्डरिंग आयर्न आत घालून तापवली की थर मऊ होतो आणि पक्कडीने फिरवून निघते. हे उघड्यावर करा, धूर वाईट असतो.

क्लिपचा किंवा टोकाचा भाग नळीत सैल बसत असेल तर इपॉक्सीचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब लावा. फिरकी यंत्रणेला कधीच गोंद नको. शाईच्या पेनात जो भाग पुढे कधी उघडावा लागेल, उदाहरणार्थ शाईची रबरी पिशवी, तिथे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख चांगली. ती सौम्य उष्णतेने सुटते. गोंदियाकडे पळसावर निघणाऱ्या लाखेचा हा उपयोग जगभरचे पेन दुरुस्त करणारे जुन्या काळापासून करत आले आहेत. बाभळीचा किंवा धावड्याचा डिंक मात्र पाण्यात विरघळतो, शाईजवळ त्याचं काम नाही.

हात, डोळे आणि कापूस

इपॉक्सीचा हार्डनर काहींच्या त्वचेला खाजवतो आणि एकदा त्रास सुरू झाला की दर वेळी होतो. नायट्राइलचे हातमोजे घाला, हाताला लागलाच तर साबणाने धुवा. थिनरने पुसला तर तो त्वचेत आणखी मुरतो.

सायनोबाबत आपल्या भागात खास सांगायची गोष्ट कापसाची. सायनो कापसावर सांडला की झपाट्याने सुकतो आणि एवढी उष्णता निघते की धूर येतो, चटका बसून त्वचा भाजते. सुती हातमोजे, सुती फडकं, कापसाचा बोळा, काहीही त्याच्याजवळ नको. घरात वेचणीचा कापूस पडलेला असतो तिथे तर हे काम करूच नका. पुसायला कागद घ्या. बोटं चिकटली तर ओढू नका, कोमट साबणाच्या पाण्यात धरा, हळूहळू सुटतात. डोळ्यात गेला तर पाण्याने धुवा आणि तसेच दवाखान्यात जा, पापणी जोराने उघडू नका.

सायनोची न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये महिनोन्‌महिने टिकते. उघडलेली बाटली सिलिका जेल घातलेल्या बंद डब्यात, घरातल्या गार कोपऱ्यात ठेवा. फ्रिजमध्ये ठेवली तर बाहेर काढल्यावर तासभर थांबून, खोलीइतकी झाली की मगच झाकण उघडा, नाही तर आत दव धरतं. टिनाच्या शेडमध्ये राहिलेली बाटली मे महिन्यात काही आठवड्यांत घट्ट होते. इपॉक्सीच्या दोन नळ्यांची झाकणं अदलाबदल झाली तर ती कायमची बसतात, त्यामुळे एका झाकणावर आणि त्याच्या नळीवर लाल रंगाचा ठिपका देऊन ठेवा.